रस्त्यावरच्या ओरिएंटीअरिंगचा रात्रीचा सराव : कोणता प्रकार निवडावा?

कामधंदा आटोपून जमलेल्या दहा-पंधरा जणांसाठी अंधार पडल्यावर रस्त्यांवर ओरिएंटीअरिंगचा, म्हणजे नकाशाच्या आधारे नेमून दिलेली ठिकाणे शोधत धावण्या-चालण्याच्या खेळाचा, सराव ठेवायचा असेल, तर आयोजकापुढे पहिला प्रश्न येतो तो प्रकाराचा. जंगलातील स्पर्धांमुळे ठरलेल्या क्रमाने कंट्रोल (नकाशावर खूण केलेली ठिकाणे) गाठण्याची पद्धत सर्वांच्या अंगवळणी पडलेली असते आणि तीच रस्त्यांवरही वापरावी असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अशा सरावात सर्वांचा वेग सारखा नसतो, मदतीला स्वयंसेवक नसतात आणि रहदारी थांबलेली नसते. त्यामुळे नवा प्रकार निवडताना त्यातली गंमत जितकी महत्त्वाची, तितकेच शेवटचा माणूस केव्हा आणि कसा परत येतो हेही महत्त्वाचे आहे.

या कसोटीवर ठरावीक क्रमाचा मार्ग आणि वेळमर्यादेचा गुणसंग्रह यांची तुलना करू. क्रमबद्ध मार्गात आखणी करणाऱ्याच्या हाती बरेच काही असते. मोठा रस्ता कुठे ओलांडावा लागेल हे तो ठरवू शकतो, एखादा टप्पा मुद्दाम दोन जवळपास सारख्या अंतराच्या पर्यायांचा करू शकतो, आणि नंतर सर्वांनी एकाच टप्प्यावर काय निवडले याची चर्चा घडवू शकतो. मात्र वेगवान धावक अर्ध्या तासात परततो आणि चालणारा दीड तासाने. तोवर बाकीचे थंडीत ताटकळत राहतात किंवा घरी निघून जातात. गुणसंग्रहात वेळ सर्वांना सारखा, समजा ६० मिनिटे. नकाशावर पंचवीस-तीस कंट्रोल, प्रत्येकाला गुण, क्रम आपल्या मर्जीचा, आणि उशिराच्या प्रत्येक मिनिटाला दंड. कोणी बारा किलोमीटर धावते, कोणी पाच किलोमीटर चालते, पण परत येतात जवळजवळ एकाच वेळी. कोण आले नाही हे त्यामुळे लगेच कळते, आणि रात्रीच्या सरावात मला हा या प्रकाराचा सर्वांत मोठा गुण वाटतो. त्याची उणीव अशी की घाईत असलेला माणूस मोठा रस्ता कुठूनही ओलांडेल. म्हणून वर्दळीच्या रस्त्याच्या पलीकडे कंट्रोल ठेवायचेच असतील, तर ओलांडण्याची जागा नकाशावर ठळक दाखवावी आणि दुसरीकडून ओलांडणाऱ्याचे गुण रद्द होतील हे आधीच सांगावे. शक्य असल्यास तो भाग सरळ वगळावा.

गुणसंग्रहाचेच एक रूप म्हणजे विषम-सम. आधी विषम क्रमांकांचे कंट्रोल हवे तितके घ्यायचे, मग केव्हातरी सम क्रमांकांकडे वळायचे, आणि एकदा वळल्यावर पुन्हा विषम घ्यायचा नाही. नियम एका वाक्याचा, आयोजकाला जादा काम शून्य, पण धावकाच्या डोक्याला भरपूर खाद्य. समजा, चोविसाव्या मिनिटाला एक जण चौदा क्रमांकाच्या अगदी समोर उभा आहे आणि अकरा क्रमांक दोन गल्ल्या मागे राहिला आहे. चौदा आत्ताच घेतला तर अकरा आणि उरलेले सगळे विषम कायमचे गेले. अकरा घेऊन परत यायचे तर जाऊन-येऊन चारशे मीटर, म्हणजे ताशी दहा किलोमीटरच्या वेगाने जवळजवळ अडीच मिनिटे. असे निर्णय दमलेल्या अवस्थेत घ्यावे लागतात आणि खरा सराव त्यांचाच होतो. आखणी करताना एक पथ्य मात्र पाळावे लागते. सगळे विषम एका बाजूला आणि सगळे सम दुसऱ्या बाजूला ठेवले, तर दोन स्वतंत्र फेऱ्या तयार होतात आणि वळण्याचा प्रश्नच फारसा उरत नाही. दोन्ही प्रकारचे क्रमांक सर्वत्र मिसळलेले हवेत.

‘पंचविसांपैकी कोणतेही पंधरा’ हा प्रकार सोपा आहे, पण त्यात वेळेला मर्यादा नसल्याने क्रमबद्ध मार्गाचीच अडचण परत येते.

नवख्यांची संख्या जास्त असेल, तर तारा-प्रकाराचा विचार जरूर करावा. त्यात मध्यवर्ती जागेवरच नकाशा पाहायचा, एक कंट्रोल स्मरणात ठेवायचा, नकाशाविना तिथे जाऊन परतायचे आणि मग पुढचा पाहायचा. प्रत्येक कंट्रोल तीन-चारशे मीटरच्या आत ठेवला, तर कोणीही फार दूर जात नाही आणि चुकलेल्याला दर काही मिनिटांनी सावरता येते. नकाशातील अनावश्यक तपशील गाळून नेमके तेवढे लक्षात ठेवण्याची सवय याने लागते. मुरलेल्या धावकांना मात्र मार्गनिवडीला वाव कमी वाटेल.

जोडीने वाटून घेण्याचा प्रकार मिश्र गटासाठी मला विशेष आवडतो. दोघांनी मिळून सर्व कंट्रोल गाठायचे, वाटणी आपसांत करायची. वेगवान साथीदार दूरचे घेतो, नवखा जवळचे, आणि सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांत नकाशावर बोट ठेवून जी चर्चा होते, तिच्यातून नवखा पुष्कळ शिकतो. जोडीशी फोनवर संपर्क राहतो, ही जमेची बाजूही आहेच.

कंट्रोलवर पोहोचल्याची खात्री कशी करायची, याचे दोन व्यवहार्य मार्ग आहेत. पहिला प्रश्नपत्रिकेचा, म्हणजे दिव्याच्या खांबावरचा क्रमांक किंवा पाटीवरचे साल लिहून आणायचे. त्यासाठी आयोजकाला आधी फिरून प्रश्न गोळा करावे लागतात, पण कोणतेही साधन लागत नाही. दुसरा मॅपरनसारख्या अ‍ॅपचा. ठरावीक परिघात पोहोचताच फोन नोंद करतो आणि निकाल आपोआप तयार होतो. उंच इमारतींच्या मध्ये जीपीएस भरकटते, म्हणून तिथे कंट्रोल टाळावेत. अ‍ॅप वापरले तरी पाहणी टाळू नये, कारण नकाशात दिसणारी वाट रात्री कुलूपबंद फाटकाशी संपत असेल, तर ते जागेवर गेल्याशिवाय कळत नाही.

नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर चालणारे ओपनओरिएंटीअरिंगमॅप हे संकेतस्थळ पुरेसे आहे. १:१०,००० प्रमाणात ए४ कागदावर सुमारे २.१ गुणिले ३ किलोमीटरचा परिसर मावतो आणि तासाभराच्या गुणसंग्रहाला तो योग्य ठरतो. तारा-प्रकाराला स्प्रिंट (छोट्या, वेगवान शर्यतीच्या) नकाशांचे १:४,००० हे प्रमाण बरे. त्याच कागदावर ८४० मीटर गुणिले जवळजवळ १,२०० मीटर येतात. छापताना ओपनस्ट्रीटमॅपचा श्रेयनिर्देश ठेवणे बंधनकारक आहे.

एकट्याने आयोजन करणाऱ्याने साध्या गुणसंग्रहाने सुरुवात करावी आणि लोक वेळ पाळू लागले की त्याच कंट्रोलवर विषम-सम घ्यावे. नवखे अधिक असतील तर तारा-प्रकार किंवा जोडी निवडावी. मार्गनिवडीची बारकाईने चर्चा करायची असेल आणि सर्वांचा वेग साधारण सारखा असेल, तेव्हाच क्रमबद्ध मार्ग घ्यावा. प्रकार कोणताही असो, निघताना प्रत्येकाचे नाव आणि फोन क्रमांक लिहून घ्यावा, हेडटॉर्च व परावर्तक पट्ट्यांचा आग्रह धरावा आणि परतलेल्याच्या नावापुढे खूण केल्याशिवाय त्याला घरी जाऊ देऊ नये.