१७७४ सालचं ‘अस्सल’ पत्र आणि माझे ६४० डॉलर

अमेरिकेत राहून जुनी कागदपत्रं ऑनलाइन विकत घेणाऱ्या मराठी मंडळींनी हे जरूर वाचावं. एका विक्रेत्याने मला ६४० डॉलरना गंडवलं आहे आणि त्याचं दुकान अजून जोरात चालू आहे.

माल होता ऑगस्ट १७७४ चं एक पत्र. स्कॉटलंडहून व्हर्जिनियात आलेल्या एका मास्तराने फ्रेडरिक्सबर्गजवळच्या मळ्यावरून बायकोला लिहिलेलं. मी रिचमंडला राहतो, फ्रेडरिक्सबर्ग इथून तासाभरावर, त्यामुळे जीव त्यात अडकला. जहाजाचं भाडं परवडत नाही म्हणून काही वर्षांची चाकरी लिहून देऊन अशी कितीतरी माणसं तेव्हा इकडे आली. जहाज बंदराला लागलं की दलाल वर चढायचे, माणसं घाऊक विकत घ्यायचे आणि मेंढरांसारखी गावोगाव हाकत नेऊन विकायचे. पत्रात हे सगळं इतकं जिवंत उतरलं होतं की वाचतच राहावं.

जिवंत असणारच, दुसऱ्याच्या रोजनिशीतून उचललेलं होतं ना! शेटलंड बेटांवरच्या लेरविकचा जॉन हॅरोवर हा कर्जात रुतलेला व्यापारी. जानेवारी १७७४ मध्ये त्याने लंडनला चार वर्षांच्या करारावर सही केली आणि याच फ्रेडरिक्सबर्गला आला. राहणं, जेवण, धुणं आणि चार वर्षांचे मिळून पाच पौंड! कर्नल डेंजरफील्डच्या मुलांना तो शिकवायचा. सकाळी सहा ते आठ, मग नऊ ते बारा, पुन्हा दुपारी तीन ते सहा. बाहेरची मुलं घेऊन वर थोडी फी मिळवायचा. त्यांत ऐकू-बोलू न शकणारा एक मुलगाही होता. बायकोला आणि मुलांना इकडे आणायचं त्याच्या मनात होतं, पण १७७७ मध्ये तो इथेच वारला. त्याची रोजनिशी १९०० सालीच छापून आली आहे, कुठल्याही बऱ्या वाचनालयातून मिळू शकते. माझ्या पत्रातल्या शाळेच्या वेळासुद्धा त्यातल्याच.

एकच गोष्ट त्या विक्रेत्या बहाद्दराने पदरची घातली. कर्नलच्या घरच्यांबरोबर संध्याकाळचा चहा! हॅरोवर बायकोला स्पष्ट लिहितो की चहावरच्या करावरून तंटा पेटल्यामुळे १ जूनपासून इथे कुणी चहा पीत नाही, ईस्ट इंडियाचा मालही घेत नाही. नाश्त्याला कॉफी नाहीतर चॉकलेट. मग ऑगस्टमध्ये कर्नलकडे चहा कुठून आला?

चहाने शंका आली, तेव्हा कागद नीट पाहिला. कागद खरंच जुना निघाला. उजेडासमोर धरला तर साच्याच्या बारीक समांतर रेघा दिसतात, अतिनील टॉर्चखाली तो नव्या कागदासारखा निळा चमकत नाही. लबाडी आहे ती इथेच. डाव्या कडेला सुईने टोचल्यासारखी तीन भोकं होती. म्हणजे कुठल्याशा जुन्या पुस्तकाचं कोरं पान शिवणीतून उसवलेलं. जुन्या कागदाची खळ, म्हणजे शाई पसरू नये म्हणून दिलेला लेप, उडालेली असते, त्यावर आज लिहिलं की शाई फुटते. भिंग लावलं तर प्रत्येक अक्षराला केसाळ कडा. आणि त्या काळी पाकिटं वापरात नव्हती. पत्र दुमडून बाहेरच्या बाजूला पत्ता लिहायचे, लाखेने बंद करायचे. माझ्या पत्रावर ना पत्ता, ना लाखेचा डाग, ना घडीची रेघ.

‘अस्सलतेचं प्रमाणपत्र’ सोबत होतं. सही विक्रेत्याचीच. पत्र कुठल्या घरातून आलं, आधी कुणाकडे होतं, यावर उत्तर एकच, “माळ्यावर सापडलं.” पैसे त्याने संकेतस्थळाबाहेर, ओळखीतल्या माणसाला पाठवतात त्या मार्गाने मागितले, वर दहा टक्के सूट. तसे दिलेले पैसे बँक परत मिळवून देत नाही. क्रेडिट कार्ड असतं तर निदान तक्रार लावता आली असती. विकत घेण्याआधी दोन्ही बाजूंचे, कडांचे आणि उजेडासमोर धरलेले फोटो मागा. टाळाटाळ केली तर सोडून द्या. विद्यापीठाच्या ग्रंथालयातले जुन्या कागदांचे जाणकार किंमत सांगत नाहीत, पण कागद दाखवला तर पुष्कळदा दोन शब्द बोलतात.

संकेतस्थळाकडे तक्रार केली, तर व्यवहार बाहेर झाला म्हणून त्यांनी हात वर केले. विक्रेत्याने मला ब्लॉक केलंय. परवा बायकोच्या खात्यावरून पाहिलं, तर त्याच्याकडे आता लेरविकहून आलेलं त्या मास्तराच्या बायकोचं उत्तर विक्रीला आहे. ९०० डॉलर.