पॅरिसमध्ये एकच दिवस हाती असेल तर: लूव्र की ओर्से?

पॅरिसच्या सहलीत संग्रहालयासाठी एकच दिवस निघत असला, की बहुतेक जण फारसा विचार न करता लूव्र गाठतात. माझं मत ओर्सेला आहे. दोन्ही सीन नदीच्या दोन काठांवर आहेत आणि त्वीलरी बागेतून पूल ओलांडला की चालतच पोचता येतं. पण म्हणून एका दिवसात दोन्ही उरकायला जाऊ नका. लूव्र धावतपळत बघायची जागाच नाही.

बाराव्या शतकाच्या अखेरीस किल्ला म्हणून उभं राहिलेलं लूव्र पुढे राजवाडा झालं आणि १७९३ साली संग्रहालय. आज तिथे सुमारे ३५ हजार वस्तू मांडलेल्या आहेत. जुन्या संस्कृतींची ओढ असेल तर दुसरीकडे बघूच नका: बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याचे कायदे कोरलेली काळी शिळा पावणेचार हजार वर्षांची आहे आणि तिच्याजवळ उभं राहून एकेक अक्षर न्याहाळता येतं. इजिप्तच्या दालनांत तर मुलंही रमतात.

बाकी लोक येतात ते मोनालिसासाठी. चित्र ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं, काचेमागे, आणि समोर कायम गर्दी. जेमतेम काही क्षण मिळतात. त्याच दालनात समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझेने रंगवलेला लग्नाच्या मेजवानीचा जवळजवळ दहा मीटर रुंद देखावा आहे, आणि मोबाइल उंचावलेली माणसं त्याच्याकडे पाठ करून उभी असतात. मला ते फार लागतं. लूव्रला गेलात तर त्या चित्राला दहा मिनिटं द्याच.

ओर्सेचं तसं नाही. १९००च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं हे रेल्वे स्टेशन. पुढे गाड्या लांब झाल्या, फलाट अपुरे पडले आणि लांब पल्ल्याची वाहतूक थांबली. १९८६ साली इथे संग्रहालय उघडलं. काचेच्या छतातून उजेड खाली येतो, आत घुसमट होत नाही. संग्रह मुख्यतः १८४८ ते १९१४ या काळातला, त्यामुळे चित्रकला डोळ्यांदेखत बदलताना दिसते. मिलेच्या चित्रात कापणी झालेल्या शेतात तीन बायका वाकून सरवा वेचताहेत, दूर मालकाच्या गंजी रचल्या जाताहेत. हे चित्र आपल्याकडच्या माणसाला कुणी समजावून सांगायला लागत नाही. मग पाचव्या मजल्यावर मोने, रेन्वार, देगा. व्हॅन गॉगचं रोन नदीवरच्या चांदण्या रात्रीचं चित्रही ओर्सेचंच. त्यातला रंगाचा जाड थर छापील प्रतीत कधीच कळत नाही. तिथल्या भव्य घड्याळाच्या काचेतून नदीपलीकडचं लूव्रही दिसतं.

आई-वडील बरोबर असतील तर माझा कौल आणखी पक्का. लूव्रच्या तीन भल्यामोठ्या विभागांत चालून पाय भरून येतात, जिने चुकतात, परतीची वाट सापडत नाही. ओर्से एका मोठ्या दालनाभोवती रचलेलं आहे, लिफ्ट आहे आणि चार तासांत मनासारखं बघून होतं.

पैशांचंही बघा. जानेवारी २०२६पासून युरोपबाहेरच्या पर्यटकांना लूव्रचं तिकीट ३२ युरोंना पडतं. ओर्सेचं साधारण त्याच्या निम्मं. १८ वर्षांखालच्यांना दोन्हीकडे प्रवेश मोफत. तिकीट आधीच ऑनलाइन, वेळ ठरवून काढा. लूव्रसाठी तर नक्कीच.

विमानाचं तिकीट काढतानाच वार तपासा: लूव्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत, ओर्से गुरुवारी पावणेदहापर्यंत उघडं असतं. दिवसभर आयफेल टॉवर आणि नोत्र दाम करायचं असेल, तर गुरुवारची संध्याकाळ ओर्सेसाठी राखून ठेवा.