बेळगावात शहापूरच्या खडेबाजारातलं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान: माझा अनुभव

मे संपत आला की माझ्या घरात गणवेशांचे ढीग लागतात. यंदा ऐन त्यातच पायमशीन टाके सोडायला लागलं. घराजवळच्या दुकानात तर न उघडताच ‘शटल (सुईखाली दोरा गुंफणारा भाग) गेलं, नवं घाला’ म्हणून सांगितलं. मग रिक्षात मशीनचं नुसतं डोकं घालून शहापूर गाठलं.

इथल्या मामांनी आधी सुई काढून नखावर फिरवली. टोक वाकलं होतं. मग शटल काढलं, खाचेतला दोऱ्याचा भुसा चिमट्यानं उपसला, खरखरीत झालेलं टोक बारीक पॉलिश पेपरनं घासलं. “चांगलं हाय की अक्का, नवं कशाला?” सुई, तेल धरून १५० रुपये.

चाचणीला मी चिंधी पुढे केली. ती नको म्हणाले, ज्या कापडावर बिघडलं तेच मागितलं. पिशवीतला अर्धवट स्कर्ट दिला. खालची चार बोटं दुमड बघून म्हणाले, “एवढी?”

“पोरगी वाढते मामा. पुढच्या वर्षी उसवून सोडता येतं.”

“मग शिवण पक्कीच पाहिजे,” म्हणत त्यांनी दोऱ्याचा ताण पुन्हा लावला. तीनदा.

दोन वर्षं मी प्रार्थनेत एकच विचारत होते: प्रभू, माझ्याकडून तुला काय हवंय? मला गाता येत नाही, चारचौघांत प्रार्थनेला उभी राहिले की शब्द सुचत नाहीत. त्या स्टुलावर बसल्या बसल्या बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतल्या ९ व्या अध्यायातली दुर्कस आठवली. तिच्या तोंडी तिथे एकही वाक्य नाही. ती वारल्यावर यापो गावच्या विधवा रडत रडत येशूच्या शिष्याला, पेत्राला दाखवतात ते तिनं केलेले अंगरखे. मराठी नवा करार १८११ साली छापणारे विल्यम कॅरी आधी जोडे शिवायचे, हेही संडे स्कूलमध्ये शिकले होते. पण मोठ्या कामाआधीचे दिवस म्हणून ते सोडून दिलं होतं. त्या दिवशी मांडीवरच्या स्कर्टकडे बघताना डोळे भरून आले.

दुकान अगदी चिंचोळं आहे, गाडी लावायला जागा नाही, फोन क्वचितच उचलतात. सकाळी लवकर जा.

आता मापाच्या चिठ्ठीवरचं नाव वाचते, त्या लेकरासाठी देवाशी दोन शब्द बोलते, मग पायडल मारते. काल रात्री सोळावा गणवेश झाला. टाका एकही सुटला नाही.