मूळ अल्बम की विस्तारित आवृत्ती? पार्श्वसंगीत जमवणाऱ्यांसाठी

पार्श्वसंगीत जमवण्याचा नाद लागलेल्या प्रत्येकापुढे हा पेच कधी ना कधी येतोच. मूळ अल्बम कपाटात आहे, जवळजवळ पाठ झाला आहे, आणि अशात त्याच चित्रपटाची दोन किंवा तीन डिस्कची विस्तारित आवृत्ती जाहीर होते. ती घ्यायची का? आणि ज्याच्याकडे अजून दोन्हींपैकी काहीच नाही, त्याने सुरुवात कुठून करावी? मी दोन्ही बाजूंकडे बरीच वर्षं काढली आहेत आणि माझा कौल पुढे स्पष्ट सांगणारच आहे. मात्र आधी मूळ अल्बमची बाजू नीट मांडायला हवी, कारण नव्या आवृत्तीच्या उत्साहात तिच्याकडे कुणी धड बघत नाही.

मूळ अल्बम म्हणजे चित्रपटातून कापून काढलेले तुकडे, असा एक समज आहे. अनेकदा तो चुकीचा असतो. 'जॉज'च्या १९७५च्या अल्बमसाठी संगीतकार जॉन विल्यम्स यांनी चित्रपटातलं ध्वनिमुद्रण वापरलंच नाही. संगीत नव्याने वाजवून घेतलं आणि निव्वळ ऐकण्यासाठी त्याची मांडणी बदलली. चित्रपटात वाजलेलं मूळ ध्वनिमुद्रण श्रोत्यांच्या हाती आलं ते थेट २००० साली. 'ई.टी.'चा १९८२चा अल्बमही असाच, जेमतेम चाळीस मिनिटांचा आणि मैफलीत वाजवावा अशा घाटाचा. या दोन्हींना 'अपुरं' म्हणणं मला पटत नाही. ते संगीतकाराने डोळ्यांपुढे पडदा नसताना केलेलं काम आहे आणि त्यात एक सलग श्वास आहे.

'स्टार वॉर्स'चा १९७७चा दुहेरी अल्बम तर या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. त्यात कथेचा क्रम सरळ बाजूला ठेवला आहे. बेन या वृद्ध योद्ध्याच्या मृत्यूचं संगीत दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीलाच येतं, आणि चित्रपटात त्याच्या कितीतरी आधी येणारे वाळवंटातले सँड पीपल हे टोळीवाले तिसऱ्या बाजूची वाट बघत बसतात. पहिल्यांदा हे खटकतं. मग लक्षात येतं, की तबकडीची प्रत्येक बाजू वीसेक मिनिटांची असते. तेवढ्यात एक चढ, एक उतार आणि एक विसावा बसवायचा असतो. शिवाय तबकडीच्या आतल्या खाचांमध्ये मोठा आवाज फाटतो, त्यामुळे कुठलं दणदणीत संगीत कुठे ठेवायचं याचाही विचार असतो. एवढ्या अडचणींतून विल्यम्स यांनी चार स्वतंत्र, भरीव बाजू उभ्या केल्या. १९९७च्या दोन डिस्कच्या आवृत्तीत सगळं संगीत कथेच्या क्रमाने लागलं, तरीही जुन्या क्रमाला चिकटून राहिलेले श्रोते मला माहीत आहेत आणि त्यांचं मला आश्चर्य वाटत नाही.

अर्थात सगळेच छोटे अल्बम कलात्मक कारणांनी छोटे नव्हते. अमेरिकेत ध्वनिमुद्रित झालेल्या संगीताचा अल्बम काढायचा, तर वादकांना पुनर्वापराचं मानधन द्यावं लागे आणि संगीत जितकं जास्त, तितकी ही रक्कम मोठी. ऐंशी-नव्वदच्या दशकांत, सीडीवर सत्तरच्या वर मिनिटं मावत असताना, तीस-पस्तीस मिनिटांचे अल्बम सर्रास निघाले ते यामुळे. तेव्हा हातातला अल्बम संगीतकाराच्या निवडीमुळे छोटा आहे की हिशेबामुळे, हे आधी ओळखावं. पहिल्या प्रकारात थांबून विचार करण्यासारखं काहीतरी असतं. दुसऱ्या प्रकारात विस्तारित आवृत्ती मिळत असेल तर बिनदिक्कत घ्यावी.

आता दुसरी बाजू. इंट्राडा, ला-ला लँड, फिल्म स्कोअर मंथली यांसारख्या छोट्या प्रकाशनांनी गेल्या काही दशकांत हे काम ज्या मायेने केलं, त्याला तोड नाही. जुन्या टेप शोधायच्या, त्या वाजण्याच्या अवस्थेत आणायच्या, कुठला टेक, म्हणजे एकाच संगीताच्या अनेक ध्वनिमुद्रणांपैकी कुठलं, चित्रपटात वापरला गेला हे कानाने पडताळायचं, आणि वर रीळ-क्रमांकांसकट प्रत्येक क्यूची, म्हणजे एकेका प्रसंगासाठी लिहिलेल्या तुकड्याची, हकिकत सांगणारी पुस्तिका द्यायची. मी पुस्तिका आधी वाचतो आणि डिस्क नंतर लावतो. विस्तारित आवृत्तीचं निम्मं मोल या पुस्तिकेत असतं असं माझं मत आहे.

'संपूर्ण' हा शब्द मात्र जपून घ्यावा. 'एलियन'चं उदाहरण बघा. जेरी गोल्डस्मिथ यांनी सुरुवातीसाठी लिहिलेलं भावमधुर शीर्षकसंगीत दिग्दर्शक रिडली स्कॉट यांना नको होतं, म्हणून गोल्डस्मिथ यांनी दुसरं, विचित्र आणि थंडगार संगीत लिहून दिलं. शेवटी तर त्यांच्या संगीताऐवजी हॉवर्ड हॅन्सन यांच्या दुसऱ्या सिंफनीचा भाग लावला गेला. मग संपूर्ण म्हणजे काय? चित्रपटात ऐकू येतं ते, की संगीतकाराने लिहिलं ते? १९७९चा मूळ अल्बम संगीतकाराच्या मनातल्या रूपाच्या जास्त जवळ होता. इंट्राडाच्या २००७च्या दोन डिस्कच्या आवृत्तीत गोल्डस्मिथ यांचं लिखाण, बदललेले भाग आणि तो जुना अल्बम असं सगळं शेजारी शेजारी ठेवलं आहे. वाद न मिटवता दोन्ही बाजूंचे कागद समोर ठेवावेत, तसं. विस्तारित आवृत्ती कशी असावी असं कुणी विचारलं, तर मी हीच दाखवतो.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्येही तसंच. २००१चा पहिल्या भागाचा अल्बम साधारण सत्तर मिनिटांचा, आणि २००५ची संपूर्ण आवृत्ती तीन डिस्कची, सुमारे तीन तासांची. तरी जुन्या अल्बमच्या आरंभाचं संगीत हे चित्रपटाच्या प्रस्तावनेचं वेगळं रूप आहे आणि ते मोठ्या संचात तसंच्या तसं मिळत नाही. मोठं घेतलं म्हणून छोटं देऊन टाकायची घाई करू नये.

विस्तारित आवृत्तीचे दोष मला मान्य आहेत. सगळ्यात मोठा दोष म्हणजे चिमुकले क्यू. पडद्यावर दार उघडतं, कुणी दचकतं आणि चाळीस सेकंदांत संगीत संपतं. असे चार-पाच क्यू ओळीने आले की कान वैतागतो. त्यातून एकच आकृतिबंध थोड्या फरकाने वारंवार येतो. चित्रपटात तो मध्ये संवाद असल्यामुळे जाणवत नाही, इथे जाणवतो. दुसरा दोष आवाजाचा. जे टिकलं त्यावरच काम करावं लागतं. 'व्हर्टिगो'चं ध्वनिमुद्रण १९५८मध्ये वादकांच्या संपामुळे लंडन आणि व्हिएन्ना अशा दोन शहरांत झालं. लंडनचं स्टिरिओ, व्हिएन्नाचं मोनो. त्यामुळे मूळ टेपवरून १९९६मध्ये आलेला अल्बम ऐकताना मधूनच खोली अरुंद झाल्यासारखी वाटते. बर्नार्ड हरमन यांच्या संगीताची ताकद अशी, की दोनेक मिनिटांत ते विसरायला होतं. पण सगळ्याच संगीताकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही.

इथवर पारडी बरीचशी सारखी वाटतील. माझ्यासाठी ती झुकली एका बारीकशा गोष्टीमुळे, आणि ती गोष्ट म्हणजे क्रॉसफेड.

जुन्या अल्बममध्ये दोन-तीन प्रसंगांचं संगीत जोडून एक लांब ट्रॅक करण्याची पद्धत होती. पहिला क्यू विरत असतानाच त्याच्यावर दुसरा चढवायचा. ऐकायला गुळगुळीत लागतं आणि हेतूही चांगलाच असतो. पण एका साहसपटाचा अल्बम माझ्याकडे होता. त्यात एका लांब ट्रॅकच्या मधोमध, एका निरोपाच्या प्रसंगाला, एकटा फ्रेंच हॉर्न एक सूर धरून ठेवतो आणि त्याच्याखाली चेलो एकेक पायरी उतरत जातात. ते कुठे पोहोचतात हे ऐकायला जीव आसुसलेला असायचा. शेवटच्या पायरीच्या अलीकडेच पुढच्या पाठलागाचे ढोल वर यायचे आणि हॉर्न त्यात बुडून जायचा. दर वेळी तिथेच. ट्रॅकला नाव पाठलागाचं होतं. निरोपाचा उल्लेखही नव्हता.

वर्षांनी विस्तारित आवृत्ती आली आणि तो क्यू पहिल्यांदा स्वतंत्र ट्रॅक म्हणून ऐकला. चेलो खाली पोहोचतात, तिथे डबल बास हलकेच दोन सूर टाकतात आणि हॉर्न त्या नव्या आधारावर एकदम वेगळ्याच रंगाचा वाटू लागतो. सूर तोच, अर्थ बदललेला. मग सगळं थांबतं, आणि सभागृहात तो आवाज विरताना ऐकू येतो, अगदी शेवटी कुणाची तरी खुर्ची किंचित करकरते इथपर्यंत. ते दोन सूर हाच त्या क्यूचा मुद्दा होता. संगीतकाराने लिहिलेला, वादकांनी वाजवलेला, टेपवर शाबूत असलेला. अल्बमवर मात्र तो कधी पोहोचलाच नव्हता.

तेव्हापासून माझा कानच बदलला. कुठलाही जुना अल्बम लावला की जोड ऐकू येतात. काही जोड सुंदर आहेत, हे आवर्जून सांगतो. जिथे संगीतकाराने स्वतः दोन क्यूंमध्ये पूल लिहून दिला तिथे तर मूळ अल्बमच सरस. पण ध्वनिमिश्रण करताना नुसती आवाजाची सरकपट्टी ओढून केलेले जोड मला आता सोसत नाहीत. आणि मोठा फरक असा, की विस्तारित आवृत्तीतून मला हवा तसा पाऊण तासाचा अल्बम मी स्वतः लावून घेऊ शकतो. चिमुकले क्यू गाळतो, आवडते मागेपुढे करतो, हवे तर जोडूनही टाकतो. उलट्या दिशेने ते जमत नाही. क्रॉसफेडखाली गेलेले दोन सूर कुठलीही क्लृप्ती परत आणत नाही. शेवटपर्यंत सलग ऐकण्याचा धीर नसणाऱ्यांना हे कदाचित महत्त्वाचं वाटणार नाही, आणि त्यांचंही चूक नाही. ज्याला एक डिस्क लावून कामाला लागायचं आहे, त्याला मूळ अल्बम जास्त सुख देईल.

घ्यायची ठरवलीत तर ट्रॅकची यादी नीट वाचा. जुना अल्बम वेगळ्या डिस्कवर जसाच्या तसा दिला आहे का, हे पहिलं बघा. 'जॉज'च्या २०१५च्या इंट्राडा आवृत्तीत चित्रपटाचं ध्वनिमुद्रण आणि १९७५चा अल्बम दोन्ही आहेत. अशा वेळी निवडायचा प्रश्नच उरत नाही. पर्यायी टेक आणि चित्रपटातल्या रेडिओ-बँडचं संगीत मुख्य क्रमात घुसवलं आहे की शेवटी वेगळं ठेवलं आहे, हे दुसरं. मधेच घुसवलेलं असेल तर ओघ तुटतो. शेवटी ठेवलेलं असलं, तरी समाप्तीच्या संगीतानंतर लगेच पहिल्याच प्रसंगाचा पर्यायी टेक सुरू होतो, आणि तो धक्का मला अजून आवडत नाही. डिस्क संगणकावर उतरवून मुख्य कार्यक्रम आणि जादा भाग वेगळे करून ठेवले की हा त्रास जातो. डिस्क कुठे बदलायची आहे हेही बघावं. कळसाच्या प्रसंगाच्या ऐन तोंडाशी उठावं लागत असेल तर तेही तिथेच सुटतं.

राहिला प्रश्न थांबण्याचा. 'सुपरमॅन'च्या विस्तारित आवृत्त्या २०००, २००८ आणि २०१९ अशा तीनदा आल्या. 'हुक'ची २०१२मध्ये आली आणि २०२३मध्ये तीन डिस्कची आणखी मोठी. साहजिकच कुणालाही वाटतं, की अजून थोडं थांबावं. पण यातल्या पुष्कळ आवृत्त्या दोन-तीन हजार प्रतींच्याच असतात, संपल्या की दुय्यम बाजारात भाव भलतेच चढतात, आणि त्यातलं बरंचसं संगीत ऑनलाइन ऐकायला ठेवलेलंही नसतं. तिथे बहुधा मूळ अल्बमच सापडतो. मी आता असं करतो: ज्या संगीतातला एखादा क्यू मला अल्बमवर अर्धवट ऐकू येतो, त्याची पहिली चांगली आवृत्ती आली की घेतो, पुढच्या सुधारित आवृत्तीची वाट बघत नाही. जिथे असा क्यू आठवतच नाही, तिथे मूळ अल्बमवर समाधानी राहतो. तुमच्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे हाच प्रश्न लिहून बघा. निम्मी यादी बहुधा तिथेच कमी होईल, आणि उरलेल्या निम्म्यांसाठी मी तरी विस्तारित आवृत्तीच घ्या म्हणेन.