चोरीला गेलेला लॅपटॉप: स्वतः माग काढावा की पोलिसांत जावे?

सोलापूर स्थानकावर किंवा एसटी स्टँडच्या गर्दीत लॅपटॉपची बॅग गेली, की दोन मार्ग डोळ्यांसमोर येतात. पहिला म्हणजे हरवलेल्या उपकरणाचे ठिकाण नकाशावर दाखवणारे ‘फाइंड माय डिव्हाइस’. विंडोजवरील ही सोय चोरीपूर्वीच सुरू केलेली असावी लागते आणि लॅपटॉप इंटरनेटला जोडला गेला तरच नवे ठिकाण कळते. बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएस नसल्याने हे ठिकाण आसपासच्या वायफायवरून काढलेला अंदाज असतो. नवी पेठेसारख्या दाटीच्या भागात नकाशावरच्या त्या वर्तुळात अनेक दुकाने आणि घरे येतात. अशा अंदाजावर विसंबून कुणाच्या दारात जाणे मला धोक्याचे आणि अन्यायाचेही वाटते. मात्र लॅपटॉप दुरून लॉक करणे आणि पासवर्ड बदलणे ही कामे तत्काळ करावीत.

दुसरा मार्ग संथ आहे, पण झडतीचा आणि जप्तीचा अधिकार पोलिसांकडेच असतो. रेल्वेच्या हद्दीतील चोरी लोहमार्ग पोलिसांकडे जाते. तरीही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द कोणतीही असली तरी गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो आणि त्याची प्रत विनामूल्य मिळते. मोबाइलप्रमाणे लॅपटॉपला आयएमईआय हा ओळख क्रमांक नसतो (सिमची सोय असलेले मोजके सोडून), म्हणून बिलावरचा किंवा खोक्यावरचा सिरीयल नंबर फिर्यादीत आवर्जून लिहावा. माल सापडल्यावर न्यायालयातून तो परत घेताना मालकी याच कागदांवर ठरते. नकाशावरील ठिकाणाचा स्क्रीनशॉट मात्र तारीख-वेळेसह तपास अधिकाऱ्याकडे द्यावा.