दरवाजांच्या रबरी पट्ट्या: समृद्धी महामार्गावरील प्रवासानंतरचे मत

आमची सात वर्षे वापरलेली छोटी हॅचबॅक शहरात कधीही त्रास देत नाही; परंतु मागच्या दिवाळीत नागपूरहून शिर्डीला जाताना समृद्धी महामार्गावर ताशी 100 किलोमीटरचा वेग ओलांडताच चालकाच्या उजव्या कानाशी जी बारीक शीळ सुरू झाली, ती जवळजवळ सव्वापाचशे किलोमीटर थांबली नाही. मागे बसलेल्या आईचे बोलणे पुढे ऐकू येत नव्हते आणि शिर्डीला पोहोचेपर्यंत माझे डोके अक्षरशः भणभणत होते. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दाखवली, तेव्हा तेथील पर्यवेक्षकांनी गाडी आवारातच फिरवून "एवढा आवाज सगळ्याच गाड्यांना येतो" असे सांगितले. ताशी 20 किलोमीटरच्या वेगाने या आवाजाची परीक्षा होऊच शकत नाही, हे येथे स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. वाऱ्यामुळे निर्माण होणाऱ्या आवाजाची शक्ती ढोबळमानाने वेगाच्या सहाव्या घाताने वाढते, म्हणजे ताशी 100 वरून 120 वर गेल्यास ती जवळजवळ तिप्पट होते. शिवाय काचेलगत वारा वेगाने वाहू लागला की बाहेरचा दाब कमी होतो, दरवाजाची वरची चौकट किंचित बाहेर ओढली जाते आणि उभ्या गाडीत घट्ट दिसणाऱ्या रबरात फट पडते.

त्यानंतर कार ॲक्सेसरीजच्या दुकानातून मी दरवाजांना लावायची ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणाऱ्या कृत्रिम) रबराची पोकळ, डी आकाराची पट्टी आणली. चार दरवाजांसाठी 16 मीटर पट्टी लागली आणि खर्च साडेनऊशे रुपये आला. दुकानदारांनी बोनट, डिकी आणि डॅशबोर्डसह संपूर्ण संच घेण्याचा आग्रह केला होता. तो मी मानला नाही, कारण आवाज नेमका कोठून येतो हे मी आधीच शोधून ठेवले होते. रंगकामात वापरतात तो कागदी मास्किंग टेप चालकाच्या दरवाजाच्या फटीवर बाहेरून चिकटवून, शेजारच्या दरवाजाने आत बसून, एका सकाळी मी महामार्गावर फेरी मारली. शीळ पूर्ण बंद झाली. पुढच्या फेरीत टेप थोडा थोडा काढत गेल्यावर समोरच्या काचेलगतच्या खांबाच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवता आले. तेथे कागदाची पट्टी दरवाजात अडकवून ओढली, तर ती अलगद निघून आली. इतर ठिकाणी ती ताणूनही हलत नव्हती. मूळ रबर त्या कोपऱ्यात दबून चपटे आणि कडक झाले होते.

पट्टी लावण्याचे काम सोपे असले तरी घाईचे नाही. पत्रा प्रथम साबणाच्या पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, पट्टी न ताणता बसवावी, कारण ताणून चिकटवलेली पट्टी पुढे आकसते आणि टोकांना सुटते, आणि त्यानंतर किमान एक दिवस गाडी धुऊ नये. माझ्याकडून मागच्या डाव्या दरवाजाच्या वळणावर पट्टी ताणण्याची चूक झाली, आणि दोन आठवड्यांत तेथील चार बोटे पट्टी उचकटून आली. दरवाजाच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती कोणत्याही परिस्थितीत बुजवू नयेत, नाहीतर पावसाळ्यात दरवाजात पाणी साठून पत्रा आतून गंजतो. पट्टी नवी असताना दरवाजे जोर लावून बंद करावे लागतात, आणि आईला पहिले काही दिवस दरवाजा लागला की नाही हेच कळत नव्हते. साधारण महिनाभराने रबर दबते आणि ही तक्रार राहत नाही.

आता परिणामाविषयी. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, चालकाच्या कानाशेजारची शीळ गेली, आणि माझ्या मते साडेनऊशे रुपयांचे मोल तेवढ्यानेच वसूल झाले. आई मागून "जरा हळू चालव" म्हणते, ते आता पहिल्यांदाच ऐकू येते. मात्र बाहेरच्या आरशाभोवती घोंघावणारा वारा जसाच्या तसा आहे, कारण तो आवाज फटीतून येत नाही, आरशाच्या आकारामुळे हवेत भोवरे उठतात त्यातून निर्माण होतो आणि काचेतून आत येतो. काँक्रीटच्या रस्त्यावरील टायरांची घरघरही कमी झालेली नाही. या दोन्हींवर दरवाजाची पट्टी उपाय आहे असे कोणी सांगत असल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. काचांवर लावलेले प्लॅस्टिकचे रेन व्हायजर मी नंतर काढून टाकले, त्याने सरसर आणखी थोडी कमी झाली. छतावर रिकामे कॅरियर बाळगणाऱ्यांनी तर पट्टी विकत घेण्याआधी ते उतरवून पाहावे.

मागची एकच काच उघडली असता कानावर आदळणारी धडधड हा वेगळा प्रकार असून, गाडीची आतली पोकळी बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखी घुमते. त्यावर पुढच्या दरवाजाची काच दोन बोटे खाली घेणे हाच इलाज आहे. ही पट्टी मी शीळ येणाऱ्या जुन्या गाडीसाठी निःसंकोच सुचवेन, पण फक्त हवा गळणाऱ्या दरवाजापुरती. माझ्या गाडीतही मागच्या दोन दरवाजांना पट्टीची गरज नव्हती. उजवीकडे पुढे चार मीटर पट्टी पुरली असती.