ठिपका दिसतो, पण कधीचा? भाड्याचा लाइव्ह ट्रॅकर : ५ पैकी ३

लांब पल्ल्याच्या सायकलिंगला आणि अल्ट्रा रनला (मॅरेथॉनहून लांब धावणं) आयोजक सिमवाले जीपीएस ट्रॅकर भाड्याने आणतात. नागपूरच्या आसपास हा डबा कसा चालतो? शहरात झकास. कामठी, कोराडी, हिंगणा, कुठेही न्या. खरी परीक्षा जबलपूर हायवेवर, मनसर सोडून देवलापारच्या पुढे. पेंचच्या जंगलात नेटवर्क विरळ होतं आणि नकाशावरचा ठिपका एका जागी खिळतो. घरचे फोनवर फोन लावतात. गडी मात्र आरामात पायडल मारत असतो.

डबा तेव्हा बंद नसतो. तो पॉइंट साठवतो आणि नेटवर्क आलं की सगळे एकदम पाठवतो. सॉफ्टवेअर कच्चं असेल तर ते पॉइंट मोजल्याची वेळ सोडून पोचल्याची वेळ धरतं, मग ठिपका सहा-सात किलोमीटर उडी मारतो आणि सायकलचा वेग ट्रेनला लाजवतो. दोन तारे कापले ते इथेच : माहिती किती मिनिटं जुनी आहे हे बहुतेक नकाशे ठळक सांगत नाहीत. रंगीत थ्रीडी नकाशे नंतर द्या बाप्पा, आधी ठिपक्याशेजारी ‘२२ मिनिटांपूर्वी’ एवढं लिहा.

बुकिंगआधी विचारा : सिम एकाच कंपनीचं आहे की मिळेल ते नेटवर्क पकडणारं? डबा टूजीचा असेल तर त्यात जिओ चालणार नाही, जिओकडे टूजी नाहीच. ६०० किमीच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब सायकल राइड) ४० तास मिळतात, तिथे दर मिनिटाचा पॉइंट बॅटरी खातो. दर ५ मिनिटांवर ठेवा. ताशी २५ च्या वेगाने फरक दोनेक किलोमीटरचा पडतो, तेवढा चालतो.

डबा सॅडल बॅगच्या वर, आकाशाकडे तोंड करून बांधा. पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीला चिकटून ठेवला की जीपीएस हरवतो, कारण पाणी तो सिग्नल शोषून घेतं. सुरुवातीआधी पाच मिनिटं उघड्यावर ठेवा, मांडवाखाली नको.

फुकटात व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन आहे, पण जास्तीत जास्त ८ तास. २०० किमीच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास असतात, म्हणजे मध्ये एकदा पुन्हा सुरू करावंच लागतं. शिवाय फोनची बॅटरी सेव्हिंग अ‍ॅपला गुपचूप झोपवते, ती सेटिंग आधी बंद करा.

मॅरेथॉनच्या चिपचं तर वेगळंच. ती फक्त रस्त्यावर अंथरलेल्या मॅटवरून जाताना वेळ नोंदवते, दोन मॅटच्या मधला ठिपका निव्वळ अंदाज असतो. धावणारा मेडिकल तंबूत बसलेला असला तरी अ‍ॅपवर पळतच राहतो.

नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) ही सायकल शर्यत पूर्ण केली. अमेरिकेच्या आरपार सुमारे ४,८०० किमी! एवढ्या अंतरावर कॅमेरा कुठवर पुरणार? तिथे ठिपका हेच प्रक्षेपण. परदेशातल्या अशा शर्यतींत सॅटेलाइट ट्रॅकर वापरतात, त्यांना मोबाइल टॉवर लागत नाही. आपल्याकडे मात्र इनरीचसारखं सॅटेलाइट उपकरण दूरसंचार विभागाच्या परवानगीविना बाळगता येत नाही. विमानतळावर परदेशी पाहुणे त्यापायी अडकले आहेत. ती अडचण सुटेपर्यंत जंगलपट्ट्यात दोन्ही टोकांना वहीवाला स्वयंसेवक बसवा, नंबर आणि वेळ लिहायला.

आणि चार्जिंग पिनचं रबरी झाकण दाबून बसलंय ना, हे डबा हातात घेतानाच पाहा. पावसाळी इव्हेंटला डबे बहुधा तिथूनच मरतात.